मांडा हातावर असताना

इसवी सन १९८८, ऑगस्टचा अखेरचा आठवडा, श्रावण मध्यावर आलेला; स्थळ, सह्याद्रीच्या माथ्यावरील एका निवासी शाळेचे जुने स्वयंपाकघर. हे प्रारंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात धुके इतके आहे की निदान काळ आणि स्थळ यांना तरी स्वच्छ कडा असाव्यात.

त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आम्ही चौघे सामानासह उभे होतो. आमच्या गल्लीतली मंदा नरखेडे पोटाशी धरलेले मांड्यांचे मातीचे खापर सावरीत आत शिरली. प्रमिलाताई फालक, आमच्या सावद्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, तिच्यामागून गेल्या. माझी थोरली बहीण द्वारका, जिला अवघे सावदे जिजी म्हणून ओळखत असे, ती मात्र उंबऱ्यापाशीच थांबली.

"ये ना जिजी, पाय गारठतील," आतून मंदा म्हणाली.

"येते. मुरली, आधी तू सांग. कसं आहे आत?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो, आणि आम्ही ज्या पाककृतीच्या प्रात्यक्षिकासाठी आलो होतो त्यात माझे काम बोलण्याचे होते. वर्णनाची अशी फर्माइश होणे मला सुखावून गेले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "भिंती शरदातील मेघांसारख्या शुभ्र आहेत. उंच गवाक्षांतून धुके आत डोकावते आहे, जणू..."

"मेघ राहू दे. चूल कुठं आहे?"

"चूल नाही. इंग्रजांच्या काळातली लोखंडी भट्टी आहे. डाव्या भिंतीला."

"भट्टी आणि ओटा यांच्यात किती जागा?"

"तू वळलीस तर पदर भाजणार नाही इतकी."

"आणि उजवीकडे काय तापतंय?"

"पाण्याचा बंब. तांब्याचा, पुरुषभर उंच. पाहुण्यांच्या स्नानाची व्यवस्था दिसते."

मग ती पायाने उंबरा चाचपून आत आली. मला वाटले, निसरड्या फरशीची धास्ती असेल.

लोप पावत चाललेल्या पदार्थांचे संमेलन त्या शाळेच्या व्यवस्थापकांनी भरवले होते. ठिकठिकाणचे गट यायचे, आपापला पदार्थ सभेसमोर करून दाखवायचे. आमच्या वाट्याला खानदेशचे मांडे आले होते. मैद्याच्या सैल, तेलात मळलेल्या कणकेत पुरण भरायचे, ती पारी हातांच्या पाठींवर घेऊन फिरवीत फिरवीत परातीएवढी मोठी करायची आणि पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर एका हेलकाव्यात टाकायची. सांगताना सोपे वाटते. प्रत्यक्षात ती पारी अशी पातळ होते की हातावरची कांकणे तिच्यातून मोजावीत.

आमच्या गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सर्व घरांचे मांडे एकाच अंगणात, एकाच खापरावर होत. हे खापर ज्या बाईकडे असे ती त्या दिवसाची यजमानीण. सासूनंतर ते जिजीकडे आले होते. तिला मूल नव्हते, यजमान लवकर गेले. वर्षभर तिच्या अंगणात चिमण्यांखेरीज कोणी उतरत नसे. आखाजीला मात्र पाऊल ठेवायला जागा उरत नसे. त्या वर्षीच्या आखाजीला तिच्या हातून मांडे फाटले होते, आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. घाट चढताना बसमध्ये प्रमिलाताई तिला सरळच म्हणाल्या होत्या,

"जिजी, राग मानू नका. इथं चार लोकांपुढं फाटला, तर पुढच्या आखाजीपासून खापर माझ्या अंगणात राहील."

"राग कशाचा? खापर काय माझ्या माहेरचं आहे?" जिजी हसत म्हणाली होती. पण उतरेपर्यंत मांडीवरच्या त्या खापराभोवती गुंडाळलेल्या गोणपाटावरून तिचा हात फिरत राहिला.

शाळेच्या फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट धुक्यात बुडालेली होती. त्या धुक्याला वजन नव्हते, आवाज नव्हता. झाडे त्यातून एकेक करून पुढे येत आणि आपले नाव सांगण्याआधीच मागे जात. आम्ही एकमेकांची बाही धरून चाललो होतो. प्रमिलाताई दोनदा गटारात पाय घालता घालता वाचल्या. सर्वांच्या पुढे जिजी होती. तळव्यांनी वाट ओळखीत ती अशी निश्चिंतपणे चालली होती, की जणू ती याच गावात वाढली असावी.

"जिजीला बघा, कशी वाऱ्यासारखी चाललीय!" मंदा मागून म्हणाली.

"इथं बरं आहे बाई," जिजी म्हणाली. "सगळेच सारखे."

दुपारी मांडामांड सुरू झाली. परात कुठे ठेवावी यावरून जिजीचा आणि माझा वाद जुंपला. सभेच्या दृष्टीने परात मध्यभागी असणे मला आवश्यक वाटत होते. तिला ती भट्टीच्या बाजूस हवी होती. पुरणाचे पातेले, तेलाची वाटी, पिठाचा डबा, सर्व काही तिला आपल्या घरच्या रचनेप्रमाणे हवे होते, आणि ठेवलेली वस्तू कोणी हलवली की ती चिडे.

"मले उद्या शोधाशोध करायला लावू नको," ती म्हणाली. "आणि ते माझं घोंगडं काढ. त्या समोरच्या भिंतीला लाव."

"घोंगडं?"

"काळं. वळकटीत आहे."

"जिजी, शुभ्र भिंतीवर काळे घोंगडे? प्रात्यक्षिकाच्या पार्श्वभूमीला? शिवाय मंगल पाकविधीत कृष्णवर्ण वस्त्र वर्ज्य मानले आहे."

"कोणी मानलंय?"

"परंपरेने."

"परंपरेला सांग, तुझ्या बहिणीच्या सैपाकघराची भिंत धुरानं अशीच काळी आहे, आणि तिथं आजवर कोणाचं अमंगल झालं नाही. लाव मुकाट्यानं."

"मी मुकाट्याने काहीही लावीत नाही," मी म्हणालो, आणि घोंगडे लावले.

तरी जिजीचे समाधान झाले नाही. "ही एकच भिंत काळी झाली. बाकीचं सगळं दूधच आहे," असे ती स्वतःशी पुटपुटली. तिच्या पुढ्यात पांढरा ओटा होता, पांढऱ्या फरशा होत्या, खिडकीत पांढरे धुके होते, आणि हातात पांढरी कणीक.

मांड्यांच्या बाबतीत आमच्या गल्लीत एक नियम होता. मांडा हातावर असताना करणाऱ्या बाईशी कोणी बोलायचे नाही, तिला हाक तर मुळीच मारायची नाही. हाक लागली की मांडा फाटतो. बायका आपसात बोलत, गाणी म्हणत, एकमेकींची उणीदुणी काढीत. पण खापराशी उभ्या असलेल्या बाईला तेवढ्यापुरते नाव नसे. मी या समजुतीविरुद्ध अनेकदा बोललो होतो. ध्वनीने पीठ फाटत नाही, हे मी सप्रमाण सिद्धही केले होते. कोणी ऐकले नाही.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. मंदाने भट्टीत लाकडे सारली. खापर तापून त्याच्या काळ्या पाठीवर पाण्याचे थेंब नाचू लागले. जिजीने पारी हातांवर घेतली. तिने डोळे मिटले. ते ती नेहमीच मिटत असे. मनगटे एकमेकांभोवती संथपणे फिरू लागली, आणि त्या पांढऱ्या गोळ्यातून एक पौर्णिमा हळूहळू उमलत गेली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. मग ती खापराकडे वळू लागली, आणि मध्येच थांबली. चेहरा एकदा डावीकडे झाला, एकदा उजवीकडे. मांडा कोपरांवरून ओघळू लागला.

"जिजी, अगं इकडं! इकडं!" मंदाच्या तोंडून गेले.

जिजी आवाजाच्या दिशेने झटकन वळली. मांड्याची एक बाजू खापराच्या काठावर पडली, दुसरी राखेत.

"मी हाक मारली," मंदा रडकुंडीला आली. "माझंच चुकलं. जिजी, माझ्या थोबाडीत मार."

"हाकेचा काहीही संबंध नाही," मी म्हणालो.

"आहे," जिजी शांतपणे म्हणाली. "नियम आहे तो."

तिने हे इतक्या घाईने मान्य केले, की मला आश्चर्य वाटले. प्रमिलाताईंनी राखेतला मांडा उचलला, त्याच्याकडे पाहिले, आणि बादलीत टाकला. "तालमीतलं मी धरत नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचं धरीन."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी माझे निरूपण घोकीत स्वयंपाकघराकडे आलो. रिकाम्या दालनात उच्चार कसा घुमतो, हे मला पाहायचे होते. दार उघडे होते. धुके आत येऊन ओट्यांवर झोपलेले होते, आणि त्या धुक्यात जिजी एकटी वावरत होती. ती परातीला हात लावी, मग हात उचलून हवेतून डबा गाठी. डब्यावरून पातेले, पातेल्यावरून वाटी. मग भट्टीकडे वळे, हात पुढे करून पावले टाकी, लोखंडाला बोट लागले की मागे फिरे. पुन्हा पहिल्यापासून. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईची लय त्या हालचालींत होती. मी शुभ्र धोतर-सदऱ्यात दाराशी उभा होतो. तोंडातले वाक्य तोंडातच राहिले होते.

ती वळली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. तिचे डोळे उघडे होते. ते माझ्या चेहऱ्यावर होते. ती थांबली नाही. तिचा तळवा माझ्या छातीवर आदळला.

"कोण? मंदा?"

माझ्याने बोलवेना.

तिने बोटांनी सदऱ्याची गुंडी चाचपली. "मुरली? मग बोलत का नाहीस? तू आणि गप्प?"

"कधीपासून, जिजी?"

तिने हात काढून घेतला नाही. "आखाजीच्या आधीपासून. भुसावळच्या डॉक्टरकडे मी एकटीच गेले होते. काचबिंदू म्हणे. गेलं ते गेलं, उरलं ते थेंब टाकून राखा. काळ्यावर पांढरं दिसतं अजून. पांढऱ्यावर पांढरं नाही दिसत." ती थोडी हसली. "तुम्हाला धुकं इथं येऊन दिसलं. मी ते घरून घेऊन आले."

खिडकीबाहेर कुठेतरी पागोळ्यांचे पाणी टपटपत होते. घरातील तिच्या हालचाली मला आठवू लागल्या: फडताळातील तिची अचूक बोटे, विहिरीकडे जाताना न अडखळणारी पावले. तिथे प्रत्येक वस्तू तिच्यासाठी आपल्या जागी बसून राहिलेली होती.

"प्रमिलाताईंना सांगून टाकू," मी म्हणालो. "त्या कठोर असल्या तरी अन्यायी नाहीत. आज हे प्रात्यक्षिक त्या करतील. तुझ्या दृष्टीचे कारण कळल्यावर तुला कोणी नावे ठेवणार नाही."

"नावं नाही ठेवणार. पाटावर बसवतील. जिजी, तुम्ही बसा, आम्ही करतो. जिजी, चुलीपासून लांब. मग आखाजीला मी पाटावर बसून दुसऱ्याच्या अंगणात मांडे खाऊ?"

"परंतु तर्काने पाहता..."

"वाद घाल. रोज घालतोस. आज फक्त जिंकू नको."

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मांडा हातावर चढला की मले डोळे लागतच नाहीत," ती म्हणाली. "पीठ हाताला दिसतं. लागते ती चूल. घरी ती डाव्या गालावर असते. गाल तापला की वळायचं आणि टाकायचं. इथं दोन्ही गाल तापतात. तो बंब आणि ही भट्टी. काल मी मधोमध हरवले."

"बंब विझवायला सांगतो."

"का म्हणून विचारतील. काय सांगशील?"

मी बंबाकडे पाहिले, मग भट्टीकडे.

"पण तू तर बोलणारच आहेस," जिजी म्हणाली. "लोकांना सांगायचं, खापर कुठं आहे, हात कुठं आहे. मले हाक मारायची नाही, माझ्याशी बोलायचं नाही. तू लोकांना सांग. मी काय, लोकांतच उभी असेन."

प्रात्यक्षिकाच्या वेळी दालन माणसांनी भरले. आदल्या रात्री थंडीने काकडलेले पाहुणे शाली पांघरून बाकांवर दाटीने बसले होते, आणि त्यांच्या श्वासांनी खिडक्या आणखी पांढऱ्या झाल्या होत्या. माझे निरूपण दीर्घ समासांनी आणि चौरस वाक्यांनी बांधलेले होते. त्याच्या पहिल्याच वाक्याला तीन उपवाक्ये होती, आणि मला ते अतिशय प्रिय होते. मी ते सुरू केले. "ज्या पदार्थाच्या ठायी कौशल्य, संयम आणि..." जिजीने मान किंचित माझ्याकडे कलती केली होती. मी तिथेच थांबलो.

"बाईंसमोर परात आहे," मी म्हणालो. "परातीच्या डावीकडे भट्टी. भट्टीवर खापर. खापर बाईंच्या कमरेइतक्या उंचीवर आहे."

"दिसतंय हो आम्हाला!" मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले. लोक हसले.

"आपणास दिसते याचा मला आनंद आहे," मी म्हणालो. "तरीही सांगणार आहे."

जिजीने डोळे मिटले आणि पारी हातांवर घेतली. गल्लीच्या नियमाप्रमाणे आता तिला नाव उरले नव्हते. मंदाने ओठ दातांखाली धरले होते. मनगटे फिरू लागली. मांडा वाढत गेला, तसतसा तो खिडकीतल्या धुक्यासारखाच दिसू लागला. शेवटी तर बाहेरचे धुके आणि हातावरचे धुके यांत वेगळे काढण्यासारखे काही राहिले नाही, आणि त्या दोहोंच्या मधोमध काळ्या घोंगड्यासमोर माझी बहीण तरंगत असल्यासारखी उभी होती. माझ्या मनात उपमांची रांग लागली. मी एकीलाही आत घेतले नाही.

"मांडा आता डाव्या कोपरावर झुकतो आहे," मी म्हणालो. तिचा डावा कोपर वर आला. "आता समतोल आहे. बाई आता वळतील."

ती वळू लागली. आणि काल जिथे थांबली होती तिथेच थांबली. तिचे नाक, हनुवटी, कपाळ उजवीकडे कलू लागले. बंबाच्या पोटात लाकडे लाल झाली होती.

"खापर बाईंच्या डाव्या खांद्याकडे आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "उजवीकडे बंब आहे, तो केवळ पाण्याचा. खापर डावीकडे. आणखी डावीकडे. अजून थोडे."

ती वळत होती, पण साशंकपणे, पाण्यात पाऊल टाकावे तशी. मांड्याची कड लांबू लागली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या प्रमिलाताईंनी माझ्याकडे पाहिले. मग जिजीच्या चेहऱ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पदर खोचून त्या बंबापाशी गेल्या, चिमट्याने जळती लाकडे बाहेर ओढली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. दालनात एक लांब उसासा उमटला, वाफ वर गेली आणि विरली. पाठोपाठ त्यांनी दाराचे कवाड लोटून उघडले. गार वारा आत आला आणि बंबाच्या तांब्यावरून जिजीच्या उजव्या गालावर गेला.

जिजीची हनुवटी वर झाली. आपल्याच अंगणातून कोणी बोलावल्यासारखी ती डावीकडे पूर्ण वळली.

"खापर आता समोर आहे," मी म्हणालो. "वीतभर पुढे."

एक हेलकावा आला. मांडा हवेत क्षणभर राहिला, इतका वेळ की मला वाटले तो परत येणारच नाही, आणि मग खापरावर उतरला. एका बाजूची कड जरा लांब पडली आणि खापराच्या बुडाशी लोंबली. बाकी सर्व अंगाने तो बसला. त्याच्या पाठीवर फोड फुगू लागले, तपकिरी ठिपके उमटू लागले, आणि पुरणाचा, वेलदोड्याचा वास त्या गार दालनात असा पसरला, की बाकांवरची माणसे नकळत पुढे सरकली. मंदाने मोठ्याने श्वास सोडला आणि भोकाड पसरून रडली. लोकांना वाटले, धुराने.

पुढचे मांडे जिजीने माझ्या आवाजावर आणि एका गालाच्या उबेवर केले. माझी वाक्ये आखूड होत गेली. शेवटी शेवटी तर मी "आता", "डावीकडे", "बस" एवढेच म्हणत होतो, आणि लोक ते कान देऊन ऐकत होते.

सभा पांगल्यावर एक गृहस्थ खांद्यावर पंचा टाकून दारात आले. "अहो, बंबातलं पाणी गार कसं काय? मी अंघोळीचा थांबलोय!"

"माझ्या हातून विझला," प्रमिलाताई म्हणाल्या. "संध्याकाळी करा."

ते पुटपुटत गेले. प्रमिलाताईंनी ओल्या फडक्याने खापर पुसायला घेतले. जिजी ओट्याशी उभी राहून हात धूत होती. धुके उघड्या दारातून आत येऊन बंबाशी रेंगाळत होते. माझ्या मनात सांगण्यासारखे बरेच होते; हाकेने मांडा फाटत नाही याचा एक नवा पुरावाही हाती आला होता. मी तो मांडला नाही.

"पहिला गोल झाला नाही," प्रमिलाताई खापरावरून नजर न उचलता म्हणाल्या.

"नाही झाला," जिजी म्हणाली.

"कड लांबली."

"लांबली."

प्रमिलाताईंनी खापर गोणपाटात गुंडाळले, सुतळीची गाठ मारली, आणि जिजीच्या हाताला लागेल असे तिच्यापुढे ओट्यावर ठेवले.

"फाटला नाही. आखाजीला खापर जिजीकडंच राहील, आणि बोलायला मुरलीधरभाऊ येतील."